श्रीलंकेला कधी जावं? आधी डोंगराची बाजू ठरवा, मग महिना

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस 'दितवा' चक्रीवादळ श्रीलंकेवर आलं आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. वादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किनारा येतो, पण इथे सर्वाधिक जीव गेले ते बेटाच्या मधोमध असलेल्या डोंगराळ भागात. कँडी, बदुल्ला, नुवारा एलिया हे जिल्हे दरडींनी झोडपून काढले. चहाच्या मळ्यांतली आणि रामायण सहलीतली जी ठिकाणं आपल्याकडच्या जाहिरातींत असतात, ती बरीचशी याच जिल्ह्यांत येतात.

तेव्हापासून श्रीलंकेचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "नेमकं जायचं कधी?" उत्तरं मात्र एकमेकांच्या उलट मिळतात. ऑगस्टमध्ये जाऊन आलेला एक जण सांगतो, थेंब पडला नाही, उन्हाने भाजून निघालो. त्याच ऑगस्टमध्ये गेलेला दुसरा म्हणतो, चार दिवस धुकं आणि रिपरिप, डोंगर दिसलाच नाही. दोघंही खरं बोलत असतात. पहिला पूर्वेकडच्या त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर असतो, दुसरा डोंगराच्या पश्चिम उतारावर. सरळ रेषेत मोजलं तर दोघांत दोनशे किलोमीटरसुद्धा अंतर नसतं.

सह्याद्री माहीत आहे ना? मग अर्धं काम झालं

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्या आत येतो, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. नैर्ऋत्येकडून येणारा बाष्पाने भरलेला वारा डोंगराला अडतो, वर चढतो आणि वर गेला की थंड होतो. थंड हवेत बाष्प मावत नाही. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसं त्याचं पाणी होतं आणि ते तिथेच कोसळतं. पलीकडे उतरणारा वारा कोरडा झालेला असतो, म्हणून त्या बाजूला पर्जन्यछाया.

श्रीलंका आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा. उत्तर-दक्षिण सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, रुंदी सव्वादोनशेच्या आसपास. त्यात बेटाच्या दक्षिण-मध्य भागात डोंगरांचा एक भरीव गड्डा उभा आहे आणि भोवती सगळीकडे सपाटी. सर्वांत उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटर.

इथपर्यंत सह्याद्रीचं गणित चालतं. फरक पुढे आहे. आपल्याकडे हिवाळ्यात ईशान्येकडून वारा येतो तो जमिनीवरून, कोरडा, त्यामुळे महाराष्ट्राला त्याचा फारसा पाऊस मिळत नाही. श्रीलंकेकडे जाताना तोच वारा बंगालच्या उपसागरावरून जातो आणि वाटेत बाष्प उचलतो. चेन्नईला आपल्या दिवाळीच्या सुमारास पाऊस का असतो, त्याचंही कारण हेच. म्हणजे श्रीलंकेच्या डोंगराला वर्षातून दोन मोसमी वारे भिडतात आणि तेही समोरासमोरच्या दिशांनी. मे ते सप्टेंबर पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा उतार भिजतो, पूर्व कोरडी. डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्वेचा आणि ईशान्येचा उतार भिजतो, पश्चिम कोरडी. पर्जन्यछायेची बाजू दर सहा महिन्यांनी बदलते.

किती फरक पडतो बघा. पश्चिम उतारावरच्या वतवला, गिनिगथेना या गावांत नैर्ऋत्य मोसमाच्या पाच महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून आणखी वर चढून नुवारा एलियाला गेलं की त्याच काळात तो साडेआठशेच्या आसपास उरतो, कारण ढग खालीच रिकामे झालेले असतात. आणि डोंगर ओलांडून पूर्वेला बट्टिकलोआच्या सपाटीवर उतरलं तर तिथे त्याच महिन्यांत 'कच्चान' नावाचा गरम, कोरडा वारा अंग भाजून काढतो. वारा तोच. फक्त पाणी टाकून, उतारावरून खाली येताना तापून आलेला.

चहावाल्यांचं कॅलेंडर

पर्यटन पुस्तिकांपेक्षा चहाच्या मळ्यांवर माझा जास्त भरवसा आहे, कारण त्यांचे पैसे हवामानावर ठरतात. पश्चिम बाजूच्या दिंबुला भागातला उत्तम चहा जानेवारी ते मार्च या काळातला मानतात. पूर्वेच्या उवा प्रांतातला उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरमधला. दोन्हीकडे कारण एकच : पाऊस मागे हटलेला असतो, कोरडा वारा सुटतो, झाडाची वाढ मंदावते आणि पानात चव साठते. चहाला जेव्हा कोरडं हवामान मिळतं तेव्हाच आपल्यालाही मिळतं. म्हणजे हॅटन-तलवाकेलेकडचे मळे बघायचे तर जानेवारी ते मार्च, आणि एल्ला-बदुल्ला-हपुतळे हा पट्टा बघायचा तर जुलै ते सप्टेंबर. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्ध्या जाहिराती चाळून टाकता येतील.

ही सीमारेषा रेल्वेतून डोळ्यांनी दिसते. कँडीकडून एल्लाकडे जाणारी गाडी चढत चढत पट्टिपोलाला येते. १,८९१ मीटरवरचं हे देशातलं सर्वांत उंच स्टेशन. ते सुटलं की थोड्याच वेळात एक बोगदा लागतो आणि पुढे ओहिया. बोगद्याच्या अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे उवा. जुलैत अलीकडे खिडक्या लावून घ्याव्यात इतकी रिपरिप असते, आणि पलीकडे कित्येकदा लख्ख ऊन आणि दक्षिणेच्या सपाटीपर्यंत मोकळी नजर. फेब्रुवारीत कधी कधी नेमकं उलट. दितवानंतर या मार्गाची खूप पडझड झाली होती, त्यामुळे तिकिटं काढण्याआधी गाडी कुठून कुठपर्यंत धावते आहे याची चौकशी करा. जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका.

दोन मोसमांच्या मधले महिने

श्रीलंकेचं हवामान खातं वर्षाचे चार भाग करतं. दोन मोसमांचे दोन, आणि त्यांच्यामधले दोन : मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. या मधल्या काळाला आंतरमोसमी काळ म्हणतात. गोंधळ होतो तो याच चार महिन्यांत.

मार्च-एप्रिलचा पाऊस आपल्या वळवासारखा असतो. सकाळ स्वच्छ, दुपारी उकाडा असह्य, तीन-चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, विजा कडाडतात, तासभर झोडपतो आणि रात्री चांदणं. कुठल्या दिशेचा ठाम वारा नसल्यामुळे समुद्रावरची हवा आणि डोंगराकडची तापलेली हवा यांच्यात रोजच्या रोज जुगलबंदी होते. असा पाऊस सहल बुडवत नाही, फक्त वेळ बदलायला लावतो. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर 'वर्ल्ड्स एंड' नावाचा कडा आहे, साडेआठशे मीटरहून खोल. तिथे लोक पहाटे अंधारात निघून सहाला प्रवेशद्वाराशी का उभे राहतात? कारण नऊ-दहा वाजता दरीतून ढग वर येतात आणि मग कड्यावर उभं राहून फक्त पांढरा पडदा दिसतो. डोंगरात कुठल्याही महिन्यात दुपारपेक्षा सकाळ बरी.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वेगळं प्रकरण आहे. दोन्ही गोलार्धांतले वारे विषुववृत्ताजवळ जिथे एकत्र येऊन वर चढतात, तो ढगांचा पट्टा तेव्हा दक्षिणेकडे परतताना श्रीलंकेवरून जात असतो. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आणि वादळंही याच सुमारास तयार होतात. वर्षातला हा एकच काळ असा की डोंगराच्या आडोशाची कुठलीच बाजू उरत नाही. बेटाच्या बहुतेक भागांत या दोन महिन्यांत चारशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथल्या शेतकऱ्याला तो हवा असतो, कारण 'महा' या मुख्य भातहंगामाची पेरणी त्यावरच होते. पर्यटकाला मात्र सुकं अंग राखायला जागा नसते.

"विषुववृत्ताजवळ ना? मग थंडीचे कपडे कशाला?"

कारण उंची. किलोमीटरभर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. कोलंबोचं सरासरी तापमान बारा महिने २७-२८ अंशांच्या आसपास. जानेवारी आणि मे यांत जेमतेम दोन अंशांचा फरक. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही दोनशे मीटर उंच. वजाबाकी केली की सरासरी सोळा येते, आणि खरोखरच तेवढी आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या, निरभ्र रात्री तिथल्या गवतावर दवाचं हिम होतं. सकाळी कोलंबोत घाम पुसत बसमध्ये चढलेला माणूस संध्याकाळी तिथे कुडकुडतो. म्हणून श्रीलंकेत "उन्हाळा कधी, हिवाळा कधी" हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ऋतू महिन्यांनी नाही तर पावसाने आणि उंचीने ठरतात. स्वेटर एक घ्याच, बारा महिने.

मग आपल्या सुट्ट्यांचं काय?

मराठी घरात सहल ठरते ती शाळेच्या कॅलेंडरवर. तेव्हा तिथूनच बघू.

दिवाळीची सुट्टी सर्वांत वाईट जागी पडते. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे आंतरमोसमी पावसाच्या ऐन मध्यात. आपल्याकडे पाऊस संपलेला, हवा छान, सुट्टी हाताशी. त्यामुळे शेजारच्या देशातही तसंच असेल असं वाटतं. नसतं. दिवाळीशिवाय जमतच नसेल तर माझं मत स्पष्ट आहे : डोंगर वगळा. सिगिरिया, दांबुल्ला, कोलंबो-गॉल एवढ्यात फिरा, आणि पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नका.

नाताळच्या सुट्टीत पश्चिम आणि दक्षिण किनारा उत्तम : बेंटोटा, गॉल, मिरिसा. समुद्र शांत होत आलेला असतो आणि मिरिसाहून देवमासे बघायला जाणाऱ्या होड्यांचा हंगामही सुरू असतो. श्रीपाद, म्हणजे २,२४३ मीटरचं ते शिखर जिथल्या पावलाच्या ठशाला बौद्ध बुद्धाचं मानतात आणि हिंदू शिवाचं, त्याची यात्राही डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होऊन मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालते. या काळात पायऱ्यांवर रात्रभर दिवे आणि चहाच्या टपऱ्या असतात. एरवी पाऊस, वारा आणि अंधार. नाताळात टाळायचा तो पूर्व किनारा. त्रिंकोमालीला कोनेश्वराचं दर्शन घ्यायचं म्हणून डिसेंबरात आडवळणाने जाणारे गट असतात. दर्शन होतं, समुद्र मात्र खवळलेला.

मे महिन्याची सुट्टी दोन तुकड्यांत मोडा. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचे पहिले काही दिवस, वळवाची तयारी ठेवली तर चालतात. केरळात मान्सून साधारण १ जूनला येतो, श्रीलंकेत त्याच्या आठवडाभर आधी. त्यामुळे २० मेनंतर पश्चिम उतारावर राहू नये. आणखी एक अडचण : १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं आणि त्या पंधरवड्यात नुवारा एलियाला तिथल्याच लोकांचा हंगाम असतो. आपल्या महाबळेश्वरला मेमध्ये जी गर्दी आणि जे दर, तेच तिथे. अशोकवाटिका म्हणून दाखवतात त्या सीता एलियाच्या मंदिराकडे जाणारा रस्ता तेव्हा तासन् तास तुंबतो.

पंधरा ऑगस्टला जोडून चार दिवस काढता आले तर पूर्वेचा विचार जरूर करा. फार कमी मराठी लोक करतात, आणि मला वाटतं हीच खरी निसटलेली संधी आहे. पाऊस म्हणून ऑगस्ट टाळतात, पण त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे तेव्हा कोरडे आणि समुद्र निवळशंख असतो. उत्तर-मध्य भागातल्या मिन्नेरियाला तर याच काळात जावं. तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला तो तलाव उन्हाने आटत जातो, काठाची गाळपेर जमीन उघडी पडून त्यावर हिरवं गवत येतं, आणि आसपासच्या रानातलं पाणी संपलेले हत्ती कळपाकळपांनी तिथे उतरतात. दुपारी चारनंतर माद्या, पिल्लं, मधूनच एखादा एकटा नर. सोंडेने गवताचा झुबका उपटायचा, पायावर झटकून माती काढायची आणि मग तोंडात. शेकड्यांनी हत्ती एका नजरेत. पाऊस सुरू झाला की पांगतात.

शाळेचं बंधन नसेल तर प्रश्नच नाही. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य या काळात ईशान्येचा वारा ओसरत आलेला आणि वळीव अजून जोरात नसतो. डोंगराच्या दोन्ही बाजू, किनारा, जंगल, सगळं एका फेरीत करायचं तर हाच काळ. आजी-आजोबांना पाठवायचं तर तेव्हाच पाठवा.

"एका वादळावरून नोव्हेंबर बदनाम कशाला?"

एकच असतं तर केला नसता. डिसेंबर १९६४ मध्ये धनुष्कोडी उद्ध्वस्त करणारं वादळ श्रीलंकेवरूनच गेलं होतं. नोव्हेंबर १९७८ मध्ये वादळाने बट्टिकलोआ भुईसपाट झालं. डिसेंबर २०२० मध्ये 'बुरेवी' त्रिंकोमालीजवळ धडकलं. बंगालच्या उपसागराचा हा ठरलेला हंगाम आहे. दरवर्षी वादळ येत नाही, हे खरं. पण येतं तेव्हा बहुधा याच दिवसांत.

आणि दरडींना वादळाचीही गरज नसते. २०१४ साली आपल्याकडे जुलैअखेरीस माळीण गाडलं गेलं; त्याच वर्षी ऑक्टोबरात बदुल्ला जिल्ह्यातल्या मीरियाबेड्डा इथे मळेकामगारांच्या चाळींवर डोंगर आला. २०१६ च्या मेमध्ये पश्चिम उतारावरच्या अरानायकेला तेच झालं. तीव्र उतार, चहासाठी मोकळे केलेले डोंगर, भिजून जड झालेली माती आणि मग दोन दिवसांचा मुसळधार. तारखा बघितल्या तर त्या वर सांगितलेल्या वाईट काळातच पडतात : ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मेचा उत्तरार्ध.

"मोबाइलवर तर रोज वीज-पावसाचं चित्र दिसतंय"

एप्रिलमध्ये कँडीचं हवामान उघडलं तर दहाच्या दहा दिवस ढग आणि वीज दिसेल आणि लोक घाबरून तिकीट रद्द करतात. ते चित्र पूर्ण दिवसाचं असतं. दुपारचा तासभराचा वळीवही त्यात येतो. तासागणिक अंदाज उघडून बघा. रोज दुपारी तीन ते सहा एवढाच पाऊस असेल तर खुशाल जा. पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग, तोही तीन-चार दिवस आणि वारा एका दिशेचा असेल, तर मोसम किंवा कमी दाबाचा पट्टा आहे, तेव्हा कार्यक्रम बदला.

"हवामान बदलल्यावर हे वेळापत्रक टिकेल?"

वारे कुठल्या महिन्यात कुठून येणार, हे आशियाची जमीन आणि भोवतालचा समुद्र कसे तापतात-निवतात यावर ठरतं. तो साचा अजून मोडलेला नाही. बदलतंय ते पडण्याचं प्रमाण. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे कोसळला तर जास्त कोसळतो. महिना चुकेल याची भीती कमी, एखादा दिवस भलताच निघेल याची जास्त.

एक गोष्ट मात्र आपल्या सवयीच्या उलट आहे. एल निनो म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो. श्रीलंकेत एल निनोच्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस बहुधा सरासरीपेक्षा जास्त असतो. महाराष्ट्रात पाऊस कमी झाला म्हणून तिकडेही कोरडं असेल, हा हिशेब त्या वर्षी तर मुळीच करू नये.

बुकिंग झालंच असेल तर

श्रीलंकेत दरडींचे इशारे राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था देते, तालुक्यासारख्या लहान विभागांनुसार आणि तीन रंगांत. पिवळा म्हणजे सावध, नारिंगी म्हणजे सामान आवरून तयार, लाल म्हणजे निघा. पर्यटक कोलंबोचा अंदाज बघतात आणि एल्लाला राहतात. तो उपयोगाचा नाही. ज्या विभागात मुक्काम आहे त्याचा रंग हॉटेलवाल्याला सरळ विचारा. आणि खोली घेताना खिडकीतून दिसणाऱ्या दरीसोबत मागच्या बाजूला काय आहे तेही बघा. नुकताच कापलेला, भिंत न घातलेला, लाल मातीचा उभा उतार असेल, तर पावसाळी आठवड्यात दुसरी खोली मागा.